दुसऱ्या पानावर कुणी जात नाही

वर्षातून एकदा, एका ठरलेल्या एकवीस तारखेला, दुकानात मुका फोन यायचा. पलीकडून कुणी बोलायचं नाही. श्वास ऐकू यायचा, कधी मागे मोठ्या गाडीचा हॉर्न. आई रिसीव्हर कानाला लावून जराशी थांबायची आणि मग गिऱ्हाइकाला सांगावं तशा आवाजात म्हणायची, "दुकान नऊला उघडतं. सातला बंद होतं." एवढं सांगून फोन ठेवायची आणि पुन्हा मशीनवर बसायची. त्या दिवशी दादाचा वाढदिवस असायचा.

असे आठ फोन आले. नववा यायच्या आधी इमारत पाडली गेली.

दुकान बॅगा दुरुस्तीचं होतं. चेन बदलणं, पट्टे शिवणं, चाकं बसवणं, झालंच तर छत्रीच्या काड्या. पाटीवर वडिलांनी ठेवलेलं एक भारदस्त नाव होतं, पण ते वडिलांबरोबरच गेलं. लोक 'चेनवाल्या बाई' म्हणत आणि तेच नाव चालत आलं. खाली दुकान, वर घर आणि दोन्हींत मिळून एकच फोन.

दादा विसाव्या वर्षी घरातून गेला. भांडण एका संध्याकाळचंच. "जगाच्या बॅगा शिवायच्या आणि आपण मात्र या गल्लीबाहेर पडायचं नाही, हे मला जमणार नाही," तो म्हणाला. आई म्हणाली, "मग जा. दार उघडं असेल. पण हाक मारायला मी येणार नाही." धाकटी तेव्हा चौदा वर्षांची होती. जिन्यात बसून ती ऐकत होती आणि दोन दिवसांत येईल परत, असं समजून झोपायला गेली. तो लांबच्या मालट्रकवर लागला, एवढं पुढे कळलं. मग त्याचे नंबर बदलत गेले, आणि मग काही कळणंही थांबलं. आई शब्दाची पक्की होती. बॅग गुरुवारी देते म्हटलं की गुरुवारी. हाक मारणार नाही म्हटलं की नाही. मुक्या फोनवर दुकानाची वेळ सांगणं म्हणजे हाक मारणं नव्हे, असं ती धरून चालली होती.

इमारत धोक्याची ठरली आणि चार महिन्यांत जमीनदोस्त झाली. नवी जागा दहा मिनिटांवर मिळाली, एका बेकरीच्या मागे, पाच पायऱ्या उतरून. फोन कंपनीने सांगितलं, हा नंबर तिकडे जाणार नाही. जुन्या जागेला पत्रे ठोकले गेले. त्या पत्र्यांवर धाकटीने नव्या पत्त्याची पाटी दोनदा लावली, आणि दोन्ही वेळा ती कुणीतरी काढून टाकली.

"दार उघडं असेल म्हणाले होते," आई एकदा मशीनला तेल घालता घालता म्हणाली. "आता दारच हललं. एकवीसला तो फोन करणार, फोन नाही लागणार. मग?"

"मग सर्च करेल," धाकटी म्हणाली. "सगळे तेच करतात."

"आणि काय दिसेल?"

धाकटीने मोबाइलवर 'चेनवाल्या बाई' टाकून आईसमोर धरलं. सगळ्यात वर नकाशावरची जुनी नोंद होती. जुना पत्ता, जुना नंबर, आणि त्याखाली लाल अक्षरांत 'कायमचे बंद'. इमारत पडताना बघून कुणातरी शहाण्याने ते नोंदवून टाकलं होतं. ती नोंद बदलण्यासाठी धाकटीने अर्ज केला होता. उत्तरात आलं की खात्री पटवण्यासाठी आम्ही एक सांकेतिक क्रमांक टपालाने त्या पत्त्यावर पाठवत आहोत. त्या पत्त्यावर आता खड्डा होता.

आईने लाल अक्षरं वाचली. "मी काय मेले की काय?" ती म्हणाली.

*

धाकटीची नोकरी नेमकी याच कामाची होती. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस, नऊ माणसं. कुणाची साइट सर्चमध्ये मागे पडली असेल, तर ती पुढे आणून द्यायची. ऑफिसचे प्रमुख आधी शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. फळ्यावर लाल शाईत त्यांनी एकच वाक्य लिहून ठेवलं होतं: दुसऱ्या पानावर कुणी जात नाही. सर्चच्या एका पानावर दहा उत्तरं येतात. अकरावं असाल, तर नसल्यातच जमा.

"माझं लग्न का जमत नाही कळलं का?" धाकटीच्या शेजारच्या खुर्चीवरचा उंच्या म्हणायचा. त्याचे गुडघे टेबलाखाली मावत नसत. "मी दुसऱ्या पानावर आहे."

"तू तिसऱ्यावर आहेस," धाकटी म्हणायची. "दुसऱ्यावरचे निदान दाढी करतात."

काम समजायला सोपं होतं. एखादी साइट वर यायची, तर बाकीच्या साइटींनी तिच्याकडे बोट दाखवावं लागतं. त्याला बॅकलिंक म्हणतात. अशी बोटं जितकी जास्त आणि जितकी भरवशाची, तितकं सर्चला वाटतं की इथे काहीतरी बघण्यासारखं आहे. बुकमार्किंगच्या साइट म्हणजे तर अशी बोटं दाखवण्याचा चव्हाटाच. लोक आपल्याला आवडलेले पत्ते तिथे चारचौघांना दिसतील असे खोचून ठेवतात, वर दोन ओळी लिहितात. धाकटीकडे असे चाळीस लोक होते. एक निवृत्त ग्रंथपाल, एक जुळ्यांची आई, एक सायकलवाले काका, एक आजारी असलेली पण आनंदी बाई. चाळिसांची नावं, फोटो, आवडीनिवडी एका वहीत लिहिलेल्या. त्यांतलं कुणीही जगात नव्हतं. सकाळी साडेनऊला धाकटी त्यांना एकेक करून उठवायची आणि कामाला लावायची.

मास्तरांचा नियम कडक होता. एका साइटसाठी दिवसाला पाच लिंक, सहावी नाही. "औषधाचे थेंब असतात तसं आहे हे," ते म्हणायचे. "बाटली तोंडाला लावायची नाही."

धाकटीने एका रविवारी दुकानासाठी पान तयार केलं. मजकुरावरून दोघींची जुंपली.

"'दादा, आम्ही इथे आहोत' असं लिहू?"

"अजिबात नाही. ती हाक झाली."

"मग काय लिहू?"

आईने बोटाला चिकटलेला दोरा काढला. "लिही. दुकान हललं आहे. दार उघडं असतं. खाली पत्ता, फोन आणि वेळ."

"अगं, एवढ्याने नाही भागत. 'उत्कृष्ट बॅग दुरुस्ती', 'खात्रीशीर चेन बदलून मिळेल' असे शब्द लागतात. सर्चला कळायला."

"सर्चला कळायचं ते खाली बारीक अक्षरांत लिही. वर माझं राहू दे."

पान सर्चमध्ये आलं ते एकोणिसावं. म्हणजे दुसऱ्या पानावर, खालून दुसरं.

"एकोणीस वाईट नाही," आई म्हणाली. "वर्गात तू सदतिसावी होतीस."

"दुसऱ्या पानावर कुणी जात नाही, आई."

मग जेवणाच्या सुटीत धाकटीने आपली चाळीस माणसं आईच्या दुकानाच्या कामाला लावली. रोज पाच. संध्याकाळी घरी आल्यावर ती आईला वाचून दाखवायची. जुळ्यांच्या आईने लिहिलं होतं, 'यांनी माझी बॅग नव्यासारखी करून दिली.'

"ही कधी आली होती दुकानात?" आईने विचारलं.

"नाही आली. ती नाहीच आहे."

"म्हणजे खोटी साक्ष."

"साक्ष नाही गं. शिफारस."

आईने चहा संपेपर्यंत विचार केला. "मग निदान नीट तरी सांगू दे तिला. जुळ्यांची गाडी असते ना ढकलायची, तिच्या छत्रीची काडी तुटली होती म्हणावं. बॅग काय, कुणीही म्हणेल."

दोन महिन्यांत पान एकोणिसावरून अकरावर आलं, मग सहावर, मग तिसऱ्यावर. रोज संध्याकाळी आई विचारायची, "आज कितवं?" तिच्या स्वतःच्या फोनवर फक्त बोलता यायचं, त्यामुळे धाकटी सांगेल तो नंबर. चार नवी गिऱ्हाइकंही आली. एकवीस तारीख मात्र अजून लांब होती, आणि तिसऱ्यावर आल्यावर पान थांबलं. पुढे दोघंच होते. नव्या बॅगा विकणारं एक मोठं दुकान, आणि सगळ्यात वर ते लाल 'कायमचे बंद'.

*

एकवीस तारखेला महिना राहिला, त्या सुमारास आई पायऱ्या उतरताना तिसऱ्या पायरीवर थांबायला लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाची एक झडप बदलावी लागेल. उशीर करू नका. पंधरा तारखेला दाखल व्हा.

"एकवीसनंतर," आई म्हणाली.

"एकवीसला काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक गिऱ्हाईक यायचंय."

धाकटीने दवाखान्याबाहेर येऊन समजावलं, रागावली, थोडी रडली. आई ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "हे बघ, तू त्याला दिसेल असं करतेयस ना? मग दिसल्यावर तो आला आणि दुकानाला कुलूप असलं, तर? ते लाल अक्षरांपेक्षा वाईट." मग तिने विचारलं, "पहिलं नाही का गं येणार?"

त्या आठवड्यात धाकटीने उंच्याला गाठलं. त्याच्याकडे एक सॉफ्टवेअर होतं. कुठल्याशा जुन्या नोकरीतून त्याने उचलून आणलेलं. पत्ता द्यायचा, दोन ओळी द्यायच्या, बटण दाबायचं. ते स्वतःच खोटी माणसं तयार करायचं आणि हजारो साइटींवर लिंक खोचून यायचं.

"मास्तरांना कळलं तर मला खिडकीतून टाकतील," उंच्या म्हणाला. "आणि मी लांब आहे, अर्धा आतच राहीन. नको, धाकटे."

"एकदाच. आईसाठी."

"आईसाठी म्हणून तर नको म्हणतोय."

पण त्याने दिलं. दोन तारखेला, मास्तर बाहेर गेले असताना धाकटीने बटण दाबलं. पाऊण तासात चार हजार दोनशे लिंक झाल्या. तिची चाळीस माणसं त्यांच्यापुढे अगदीच हाडामांसाची वाटली.

सहा तारखेला पान पहिलं आलं. 'कायमचे बंद' खाली गेलं. धाकटी ऑफिसातून लवकर निघून दुकानात गेली आणि मोबाइल आईच्या हातात दिला. आईने चष्मा वर केला, खाली केला. "दुकान हललं आहे. दार उघडं असतं," तिने मोठ्याने वाचलं आणि हसली. बेकरीतून कुणी वरून विचारलं, "काय झालं हो?" आई म्हणाली, "काही नाही, पहिला नंबर आला."

सात, आठ, नऊ तारखेला पान पहिलं होतं. दहाला ते गेलं.

खाली गेलं असं नाही, गेलंच. धाकटीने दहा पानं पाहिली, वीस पाहिली. दुकानाचं नाव, पत्ता, फोन, आईचं ते वाक्य, सगळं टाकून पाहिलं. काही नाही. दुपारी साइटच्या खात्यावर सूचना आली. या साइटकडे येणाऱ्या लिंक बनावट आढळल्याने ती शोधातून काढण्यात आली आहे. लिंक काढून टाकून फेरविचाराचा अर्ज करता येईल. फेरविचारास काही आठवडे लागू शकतात.

वर, पहिल्या जागी, लाल अक्षरं परत आली होती.

ती मास्तरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. त्यांनी सूचना वाचली.

"किती टाकल्यास?"

"चार हजार दोनशे."

"किती दिवसांत?"

"एका दुपारी."

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी बावीस वर्षं शाळेत होतो," ते मग म्हणाले. "मला चार हजार माणसं ओळखत नाहीत. पाच पायऱ्या उतरून बसलेल्या एका बाईंना एका दुपारी चार हजार माणसं नावाजून जातात, हे कुणाला पटेल? मला विचारायचंस तरी."

"तुम्ही नको म्हणाला असता."

"हो. म्हणूनच विचारायचं असतं." त्यांनी खुर्ची ओढून दिली. "बस. अर्ज लिहू. खरं लिहायचं, सगळं, सॉफ्टवेअरसकट."

त्यांनी तिला कामावरून काढलं नाही. काढलं असतं, तर तिला सोपं गेलं असतं. पुढचे दिवस ती एकेका साइटच्या मालकाला पत्रं लिहीत होती: कृपया आमची लिंक काढा. बहुतेक पत्त्यांवर कुणी राहतच नव्हतं. तीनशेच्या आसपास उत्तरं आली. एका अनोळखी माणसाने लिहिलं, 'काढली. पण बॅगा शिवणारं कुणी अजून आहे, हे वाचून बरं वाटलं.'

दहा तारखेच्या संध्याकाळी आईने नेहमीसारखं विचारलं, "आज कितवं?"

धाकटी चपला काढत होती. "पहिलं," ती म्हणाली.

अकराला पहिलं. बाराला पहिलं. पंधराला, ज्या दिवशी आई हॉस्पिटलात असायला हवी होती, त्या दिवशीही पहिलं. एकदा खोटं सांगितल्यावर रोज नवं काही सांगावं लागलं नाही, तोच आकडा पुरला.

एकवीसला आई पावणेनऊला दुकानात होती. धाकटीने रजा घेतली होती. आईने मशीनजवळचं स्टूल दाराकडे तोंड करून ठेवलं, आणि दिवसभर हातात काम ठेवलं. अकरा वाजता एक बाई छत्री घेऊन आल्या. दोन वाजता एक विद्यार्थी पाठीवरची बॅग घेऊन आला. पायऱ्यांवर पाऊल वाजलं की आईचे हात थांबायचे. एकदा बेकरीचा माणूस नुसता वेळ विचारायला उतरला, तेव्हाही थांबले. फोन तीनदा वाजला, तिन्ही वेळा पलीकडून कुणीतरी बोललं.

सात वाजता आईने मशीनवर कापड टाकलं.

"पहिलं होतं ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग त्यानं शोधलंच नाही." आईने दिवा घालवला. "चल. बॅग भरायचीय ना हॉस्पिटलची."

धाकटीला तेव्हा बोलता आलं असतं. पायऱ्या चढताना आई दुसऱ्या पायरीवर थांबली, तेव्हाही आलं असतं. तेवीसला वॉर्डमध्ये आई छताकडे बघत म्हणाली, "हाक मारली असती तर बरं झालं असतं का गं?" तेव्हा तर आलंच असतं. त्याने शोधलं असेल आई, आपणच दिसलो नसू, एवढंच सांगायचं होतं. पण उद्या ऑपरेशन आहे, आज नको, असं धाकटीने ठरवलं.

"कुठेतरी रस्त्यात असेल," ती म्हणाली. "नेट नसेल तिथे."

"असेल," आई म्हणाली. पण पटल्यासारखं म्हणाली नाही.

चोवीसला ऑपरेशन झालं. अठ्ठावीसला पहाटे आई गेली. पंधरालाच दाखल झाली असती तर, असं धाकटीने डॉक्टरांना विचारलं. त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "तसं सांगता येत नाही."

*

फेरविचाराचा अर्ज सात आठवड्यांनी मंजूर झाला. 'आपली साइट पुन्हा शोधात घेण्यात आली आहे,' एवढीच ओळ. धाकटीने ती वाचली आणि खातं बंद केलं. कितवं आहे, ते पाहिलं नाही. विचारणारं कुणी नव्हतं.

दुकानात साठ-एक बॅगा लोकांच्या पडून होत्या. त्या परत करण्यासाठी ती रविवारी नऊला दुकान उघडून बसायची. शिवण तिला येत नव्हती. चिठ्ठीवरचं नाव बघून बॅग द्यायची, झालेली असो किंवा नसो. लोक हळहळायचे, बाईंच्या हाताची आठवण सांगायचे. पान तिने काढलं नव्हतं. शेवटची बॅग गेली की काढू, असा विचार होता.

एकवीस तारखेला तीन महिने होत आले असताना, अशाच एका रविवारी, सव्वानऊच्या सुमारास पायऱ्यांवर जड बूट वाजले. दाढी वाढलेला, पोट सुटलेला एक माणूस खांद्यावर बॅग घेऊन आत आला आणि वाकून बघू लागला.

"चेन अडकलीय," तो म्हणाला. "आजच्या आज मिळेल का? मालकीणबाई कुठायत?"

धाकटी उठली. तिला आवाज आधी कळला, चेहरा नंतर.

"काय गं शेंबडे, ओळखलं नाहीस?" तो हसला. "गिऱ्हाईक म्हणून आलोय. म्हणजे तिनं हाक मारलेली नाही आणि मी काही घरी परत आलेलो नाही. दोघांचंही खरं. चौदा तास गाडी चालवताना हेच ठरवलंय. कुठंय ती? वर चहा आणायला गेली?"

धाकटीने सांगितलं. चोवीसला ऑपरेशन, अठ्ठावीसला पहाटे. महिना सांगितला. हॉस्पिटलचं नाव सांगितलं, जणू त्याने काही फरक पडणार होता.

दादाने बॅग खाली ठेवली आणि स्टुलावर बसला. ते स्टूल अजून दाराकडे तोंड करूनच होतं.

"म्हणजे एकवीसला होती," तो म्हणाला.

"होती. इथेच बसली होती. नऊ ते सात."

"मी फोन लावला होता. हा नंबर अस्तित्वात नाही म्हणाली ती बाई. मग सर्च केलं. वर काय, कायमचे बंद. म्हटलं असं कसं. खाली बघत गेलो. पाच पानं बघितली मी."

"पाच?"

"पाच. पुढे पुढे काहीच्या काही यायला लागलं, सायकलच्या चेन, सोन्याच्या चेन. मग गाडी बाजूला घेतली. दुकान बंद, नंबर बंद, म्हणजे गेली, दुसरं काय समजायचं? तिथेच बसून रडून घेतलं." त्याने दाढीवरून हात फिरवला. "आणि परवा माल उतरेपर्यंत वेळ होता, उगाच परत टाकलं. दुसऱ्या पानावर, खालून दुसरं. दुकान हललं आहे. दार उघडं असतं. मला वाटलं, आहे ती. मी मूर्ख, आधीच रडून बसलो होतो."

बेकरीत वर ट्रे सरकवल्याचा आवाज झाला.

"हे पान तू नंतर टाकलंस ना?" दादाने विचारलं. "एकवीसनंतर?"

त्याने विचारलंच असं होतं की 'हो' म्हटलं असतं, तर प्रश्न मिटला असता.

"नाही," धाकटी म्हणाली. "पाच महिने आधीच टाकलं होतं. पहिल्या दिवशी एकोणिसावं होतं. आत्ता तुला दिसलं तिथेच, खालून दुसरं. मी त्याला पहिलं करायला गेले आणि ते काढून टाकलं गेलं. दहा तारखेला. एकवीसला ते कुठेच नव्हतं." ती थांबली. "मी काहीच केलं नसतं, तर तुला सापडलं असतं."

"आईला माहीत होतं?"

"नाही. मी तिला रोज पहिलं आहे सांगत होते."

"मग मी आलो नाही, तेव्हा तिला काय वाटलं?"

"की तू शोधलंच नाहीस."

 दादा दाराकडे बघत होता. त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. धाकटी त्याच्याकडून काहीतरी यायची वाट बघत उभी राहिली, शिवी, हुंदका, काहीही. चाळीस माणसांच्या तोंडी तिने इतकी वर्षं शब्द घातले होते. आता स्वतःच्या तोंडी घालायला तिला एक सापडत नव्हता. श्वास तसाच चालू राहिला, आणि अशा श्वासाला या घरात काय उत्तर देतात, ते तिने आठ वर्षं ऐकलेलं होतं.

"दुकान नऊला उघडतं," ती म्हणाली. "सातला बंद होतं."

दादाने मान हलवली. साडेनऊ वाजले होते. दिवसभरात सहा जण येऊन आपापल्या बॅगा घेऊन गेले. दोघांनी विचारलं, हे कोण, आणि धाकटीने सांगितलं, माझा दादा. तो स्टुलावरून उठला नाही. सात वाजता शटर त्याने ओढलं.